हात पुढे करा

पारोळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, खिडकी नंबर चार,
बावीस वर्षं मी रक्त काढते.
तोंडं लक्षात राहत नाहीत.
हात राहतात.

रबरी पट्टा आवळला, मूठ वळा म्हटलं
की मनगटाच्या वर, आतल्या अंगाला दिसतात
आडव्या रेघा. ताज्या असल्या तर तांबूस,
जुन्या झाल्या की ताकासारख्या फिक्या.
खापराच्या काठाच्या.
मी विचारत नाही. विचारते ते एवढंच :
उपाशी आहात ना?
निंबाबाई नावाची एक तर हसलीच,
‘सकायना पायरे बाया उपाशीच ऱ्हातीस, बाई.’

माझ्याही हातावर तीन आहेत.
पहिली अकराव्या वर्षी, आखाजीच्या आदल्या दिवशी.
परसात चूल, चुलीवर पालथं खापर, आंब्यांचा वास,
आणि माय पुरण भरलेला उंडा
तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर
असा खेळवत न्यायची की वाटावं
ओल्या धोतराचं टोक झटकतेय.
उजेडात धरला की मांड्यातून पलीकडचा जाळ दिसायचा.
‘सासरना लोके तोंड नही दखतस, हात दखतस.
चटका बसना ते बसू दे.
फाटू दिऊ नको.’

माझा फाटला.
पुरण खापरावर सांडून करपलं.
माय रागावली नाही.
फाटका मांडा तिने चौघडी करून
आपल्या ताटात ठेवला, वर पातेलं पालथं घातलं.
बाबा जेवले, दादा जेवला, दादाचा मित्रही जेवला,
ताट तसंच.
मग तिने पातेलं काढलं, माझ्याकडे पाहिलं,
निम्मा मला दिला.
मांडे करायला मी पुढे चार वर्षांत शिकले.
फाटलेलं कोणी खायचं असतं
ते त्याच दुपारी शिकले.

लग्नात सासूने खरंच हात पाहिले.
आणि नोकरीला हो म्हटलं गेलं तेही त्यावरच :
‘हिचा हात हलका आहे.’
आहेच. सुई शिरली कधी ते कळत नाही म्हणतात बायका,
लांबच्या खेड्यांतून माझी पाळी विचारून येतात.
हा हलकेपणा मायचा.
त्याला नावं कशी ठेवू?

या मार्गशीर्षात माय भरती झाली, खाट अकरा.
दोन्ही हातांत शीर सापडेना.
चिकटपट्टी सोडवताना तिचं कातडं
पट्टीबरोबरच येऊ लागलं,
इतकं पातळ, इतकं ताणलेलं,
आत निळसर काहीतरी दिसत होतं.
माझे हात थांबले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.
ती डोळे मिटूनच पुटपुटली,
‘फाटू दिऊ नको, आंडेर.’
चूल दिसत होती तिला की हात, माहीत नाही.
मी तिथे फुंकर घातली. औषधाने काही होत नव्हतं.

ऋतुजा नाशिकहून आली, परीक्षा अर्धी टाकून.
तिचे हात कोरे आहेत.
मी तिला खापराजवळ कधी फिरकू दिलं नाही,
मांडे विकत आणले, पाहुण्यांसमोर तसं सांगितलंही,
जावा हसल्या तर हसू दिल्या.
माझ्या आयुष्यात एवढी एक गोष्ट मी ठरवून केली होती.

रात्री नऊला तिने कँटीनमधून चहा आणला,
तीन कप आणि बिस्किटांचा पुडा.
पुडा पिशवीत दबला होता.
तिने तो खाटेच्या कडेवर उघडला,
अख्खी बिस्किटं बशीत लावली,
बशी माझ्याकडे सरकवली,
आणि चुरा, तुकडे
आपल्या तळहातावर घेतले.

तिच्या लक्षातही नाही आलं.
मोबाइलवर काहीतरी वाचत
एकेक तुकडा तोंडात टाकत होती.

मी तिचं मनगट धरलं.
‘काय झालं?’
‘काही नाही. इकडे कर हात.’
तिने मूठ वळली. मुकाट्याने, पेशंटसारखी.
सलाइन थेंब थेंब चाललं होतं,
माय घोरत होती,
बशीतल्या बिस्किटांना
आम्ही दोघींनीही हात लावला नव्हता.